पासंग

पंचनाम्यात मी लिहिलं होतं :
‘पितळी चकती, गोल, नग एक.
मालाच्या पारड्याखाली तारेनं बांधलेली.’
पितळ आणि कासं वेगळं ओळखता येत नव्हतं मला
आणि मी वजनमापे निरीक्षक होतो.

अंबाजोगाई, मंगळवारचा बाजार.
कडूबाई वांगी विकत होती.
दंड चाळीस रुपये.
तराजू राहू दिला, दया म्हणून.
चकती जप्त.
ती मुद्देमालात पोचलीच नाही, माझ्या खिशातच राहिली.
हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

तिथून लागला नाद.
मुनीरच्या भंगारात
कुकरची झाकणं, पंपाचे वॉशर उपसत
सापडत गेलं एकेक :
बक्कल, ज्यावरचा सिंह उपाशी मांजरासारखा;
निजामी फौजेचं बटण;
खांद्यावरची अक्षरं, त्यातलं एक गळालेलं,
आणि पलटण कोणती
ते नेमकं त्या गळालेल्या अक्षरावर.

चिंचेनं घासायचं नाही, हा पहिला नियम.
काळेपणा हा धातूचा जबाब असतो.
तो पुसला की साक्षीदार फितूर.

कडूबाईची चकती मात्र गुळगुळीत,
कुण्या बाईनं दर दसऱ्याला भांड्यांबरोबर घासलेली.
एका बाजूला राजा होता, त्याचं नाक तेवढं उरलंय.
दुसरीकडे नागडा स्वार,
घोड्याच्या टापेखाली कवटी,
चौदा आणि अठरा.
चांदीचं मिळालं लढणाऱ्यांना.
कासं मिळालं मागून चालणाऱ्यांना,
खेचरवाल्यांना, भिस्त्यांना, खरारा करणाऱ्यांना.
एवढं कळायला मला अकरा वर्षं लागली.

नाव कडेवर असतं.
कडेला कुणी घासत नाही.
गच्चीवर, उन्हात, भिंगाखाली
बोटानं फिरवत वाचलं :
सईस.
मग आकडे, त्यातला एक पाच की तीन.
मग निंबा. किंवा लिंबा.
किंवा परक्या कारकुनाच्या कानाला
जे काही ऐकू आलं ते.
रिसाला इथलाच, मोमिनाबाद म्हणत तेव्हाचा.
तबेले जिथे होते म्हणतात
तिथे मी एकवीस वर्षं सायकल लावली.

गेल्या मंगळवारी गेलो.
कडूबाई नाही. तिची लेक सत्यभामा,
पुढ्यात लाल आकड्यांचा काटा.
चकती पुढे केली. ओळखली तिनं.

“सायेब, ते चोरीचं वजन नव्हतं.
मालाचं पारडं झिजलेलं व्हतं, आज्याच्या काळातलं.
चकती व्हती तवर तराजू खरा व्हता.
तुमी नेली आन् दीड वरीस
आई दर मापाला जास्तीच देत राह्यली.”

“तिला माहीत होतं?”

“हातात माप धरनाऱ्याला कळत नस्तं व्हय?
नवा घ्यायचा व्हता. चाळीस रुपये तुमीच नेले ना.”

मी विचारलं, घरात कुणी लिंबा होता का,
लढाईवर गेलेला, घोड्यांमागं.
ती म्हणाली, आमच्यात लिंबा लई.
चकती तराजूसंगंच आली, तारेसगट.
त्याच्याआधी कोन, काय म्हाईत.

मग तिनं सहज ती काट्यावर ठेवली.
एकोणतीस ग्रॅम.

इतके दिवस मी माणसांना म्हणत आलो,
हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.
आता तोंडात शब्द फिरत राहिला
चिंचोक्यासारखा.

सत्यभामेनं चकती उचलली,
नोटांवर ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून,
राजा खाली, स्वार वर.
मला नको म्हणायला सुचलं नाही,
घ्या म्हणायलाही नाही.

“वांगी द्यायची का?”
दे म्हणालो.
तिनं किलो भरला. आकडा थांबला.
तिनं अजून एक वांगं टाकलं.
आकडा पुढे सरकला,
आणि मी, सवयीनं,
वाचायला वाकलो.